सायकलच्या इंजिनाचा क्लच : घसरतो की सुटत नाही?

काही महिन्यांपूर्वी इंजिन बसवलेली एक सायकल आमच्यासमोर आली. क्लचचा लिव्हर पूर्ण दाबला तरी इंजिन चाकापासून सुटत नव्हते. चौकात ब्रेक लावला की एकतर इंजिन बंद पडे, नाहीतर सायकल पुढे रेटतच राही. सायकलचे ब्रेक असे ओढणाऱ्या इंजिनाशी झगडण्यासाठी केलेले नसतात, तेव्हा प्रकार धोक्याचाच होता. दुरुस्ती करणाऱ्याने नवे इंजिन घ्यायला सांगितले होते. प्रत्यक्षात दोष निघाला तो एका हरवलेल्या छऱ्याचा! तो कसा सापडला हे समजण्यासाठी आधी हा क्लच काय काम करतो ते पाहू.

क्लच कशासाठी?

सायकलस्वार थांबला की पेडल थांबते. इंजिनाचे तसे नसते. पेट्रोलचे इंजिन ठरावीक वेगाखाली फिरूच शकत नाही, ते बंद पडते. नुसते चालू ठेवायचे म्हटले तरी आपले हे छोटे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेरे घेते.

आता थोडे गणित करू. सायकलला बसवायच्या चिनी बनावटीच्या प्रचलित संचात इंजिनाच्या आतील लहान चाकाला २० दाते आणि मोठ्या चाकाला ८२ दाते असतात. म्हणजे वेग ४.१ पट कमी होतो. पुढे साखळीच्या लहान चक्रावर १० व मागील चाकाच्या चक्रावर ४४ दाते असतात, म्हणजे आणखी ४.४ पट घट. एकूण घट सुमारे १८ पट. १५०० ला १८ ने भागले की सायकलच्या चाकाचे मिनिटाला ८३ फेरे येतात. २६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २ मीटर अंतर कापते. यावरून वेग ताशी सुमारे १० किलोमीटर निघतो.

म्हणजे इंजिन चाकाला कायमचे जोडलेले असेल, तर ही सायकल ताशी १० किलोमीटरपेक्षा फारशी हळू चालूच शकणार नाही आणि थांबायचे तर इंजिन बंदच करावे लागेल. इंजिन फिरत राहावे आणि चाक मात्र थांबावे, ही सोय क्लच करतो. १९७२ साली बाजारात आलेल्या लूनामध्ये हे काम केंद्रोत्सारी क्लच आपोआप करत असे. इंजिनाचे फेरे वाढले की क्लचचे जोडे बाहेर फाकत आणि डब्याला आतून घट्ट टेकत. आपल्या संचात मात्र हे काम चालवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे आहे.

आत काय असते?

साखळीच्या विरुद्ध बाजूचे झाकण काढले की ८२ दात्यांचे मोठे चाक दिसते. त्याच्या भोकांमध्ये घर्षणाचे तुकडे, म्हणजे लायनिंगचे पॅड, बसवलेले असतात. या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक तबकडी असते. मोठे चाक इंजिनाबरोबर सतत फिरते. तबकड्या मात्र त्या दांड्याला जोडलेल्या असतात, ज्याच्या दुसऱ्या टोकाला साखळीचे लहान चक्र आहे. स्प्रिंग बाहेरची तबकडी आत दाबते, पॅड दोन तबकड्यांमध्ये चिमटले जातात आणि इंजिनाची गती साखळीकडे जाते.

लिव्हर दाबला की केबल साखळीच्या बाजूचा एक छोटा आडवा हात फिरवते. तो एका आखूड खिळीला ढकलतो, खिळी एका छऱ्याला ढकलते आणि छरा पोकळ दांड्यातून जाणाऱ्या लांब सळईला. सळई दुसऱ्या टोकाला निघून बाहेरची तबकडी स्प्रिंगच्या विरुद्ध उचलते. पॅड सुटे होतात, मोठे चाक नुसतेच फिरत राहते आणि सायकल उभी राहू शकते.

घर्षणाचे गणित

घर्षण बल हे घर्षणांक आणि दाब यांच्या गुणाकाराइतके असते. पॅड दोन्ही बाजूंनी घासतात, म्हणून ते दुप्पट धरायचे आणि त्रिज्येने गुणायचे. समजा, स्प्रिंगचा दाब ५०० न्यूटन, सरासरी त्रिज्या ०.०४ मीटर आणि कोरड्या पॅडचा घर्षणांक ०.३५ आहे. क्लच २ × ०.३५ × ५०० × ०.०४ = १४ न्यूटन-मीटर इतके बलाघूर्ण पेलेल. इंजिनाचे बलाघूर्ण २.५ धरले, तर ४.१ पट होऊन क्लचवर सुमारे १० न्यूटन-मीटर येते. १० ला १४ पुरेसे आहे, क्लच घसरणार नाही.

आता पॅडवर ग्रीस उडाले आणि घर्षणांक ०.१ वर आला असे समजू. क्लच पेलणार फक्त ४! इंजिन ओरडेल, पण सायकल चढ चढणार नाही. गंमत अशी की त्याच झाकणाखालच्या दातेरी चाकांना थोडे ग्रीस लागतेच. एकाच डबीत दात्यांना घर्षण कमी हवे आणि पॅडना जास्त. म्हणून ग्रीस लहान चाकाच्या दात्यांना बोटभरच लावावे. डबी भरून ग्रीस घालणे ही नेहमी होणारी चूक आहे.

आधी निदान, मग पाना

इंजिन बंद आणि थंड असताना प्लगची टोपी काढून दोन चाचण्या कराव्यात.

१. लिव्हर दाबून सायकल ढकलावी. ती सहज चालली पाहिजे. जड चालली व इंजिनही फिरले, तर क्लच सुटत नाही.

२. लिव्हर सोडून सायकल ढकलावी. आता इंजिन फिरले पाहिजे. चाक फिरते पण इंजिन नाही, असे झाले तर क्लच घसरतो.

क्लच घसरत असेल तर प्रथम केबल पाहावी. लिव्हरच्या टोकाला २-३ मि.मी. ढील हवी. केबल ताणलेली असेल तर क्लच सदैव अर्धवट दाबलेला राहतो. ढील ठीक असेल तरच झाकण काढावे. पॅडवरचे ग्रीस पुसून काढावे. पॅड काचेसारखे चकचकीत झाले असतील तर त्यांना पॉलिश पेपरने हलके खरबरीत करावे. झिजून तबकडीला टेकेनासे झाले असतील तर बदलावेत. शेवटी मधला, फुलाच्या पाकळ्यांसारख्या खाचांचा नट एकेक खाच घट्ट करून पाहावा. त्याआधी त्याला अडवणारा छोटा स्क्रू काढावा लागतो आणि नंतर तो आठवणीने परत बसवावा लागतो. नट घट्ट केला की दाब वाढतो, पण लिव्हरही जड होतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त आवळू नये.

क्लच सुटत नसेल तर दोष घर्षणात नसून बहुधा अंतरात असतो. केबल सैल असते, आडव्या हाताचा टेकणारा भाग झिजलेला असतो, नट फार आवळलेला असतो किंवा सळईच्या रांगेतले काहीतरी कमी असते. आमच्या समोरच्या सायकलीत केबल ठीक होती, नटही ठीक होता. मग साखळीच्या बाजूचे झाकण उघडले. खिळी होती, सळई होती, मधला छरा नव्हता! साखळीचे काम करताना कुणीतरी हे झाकण काढले असणार आणि छरा नकळत घरंगळला असणार. सुमारे ८ मि.मी. व्यासाचा छरा गेला की रांग तेवढीच आखूड होते. मग आडवा हात फिरतो, पण तबकडी हलत नाही. सायकलच्या दुकानातून त्या मापाचा छरा आणून बसवला आणि क्लच सुटू लागला.

दोन इशारे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि भारतात २५ सी.सी.पेक्षा मोठे इंजिन बसवलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. अशी सायकल नोंदणी व परवान्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. मोठ्या वर्गांतील मुलांना हे आधीच सांगितलेले बरे. या संचांवर बरेचदा ८० हा आकडा लिहिलेला असतो. सिलिंडरचा व्यास ४७ मि.मी. आणि दट्ट्याची धाव ३८ मि.मी. असेल तर घनफळ खरोखर किती येते, हे त्यांनाच काढू द्यावे.

वर्गात करून पाहा

लाकडी ठोकळ्याला ताणकाटा अडकवून तो फळीवर ओढा. ठोकळ्यावर एक, दोन, तीन वजने ठेवून ताणकाट्याचे आकडे लिहा. मग ठोकळा आडवा व उभा ठेवून, म्हणजे टेकणारे क्षेत्रफळ बदलून, तेच करा. शेवटी फळीला थोडे तेल लावा. तिन्ही तक्ते शेजारी मांडून मुलांना विचारा : क्लच घसरत असेल तर पॅडचा आकार वाढवावा, स्प्रिंग आवळावी की तेल पुसावे? आणि यापैकी पहिले काय करावे?