आधी पाणी, मग झाडं

सुरतेत बाग आखणारा माणूस नव्या जागेवर पोचला की आधी पहार मागतो. मालकाच्या डोक्यात हिरवळ असते, कारंजं असतं, फोनमध्ये कुठल्यातरी रिसॉर्टचे फोटो असतात. आखणाऱ्याला मात्र हातभर खोल खड्डा हवा असतो. खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा आणि हे दुसरं पाणी किती वेळात उतरतं ते पाहायचं. तासाभरात दोन-तीन बोटं उतरलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच उभं दिसलं, तर तिथे लावलेलं महागडं रोपही पहिल्याच पावसाळ्यात मुळाशी कुजणार हे नक्की. पुढच्या लाखो रुपयांच्या खर्चाचं काय होणार ते हा खड्डा सांगतो आणि त्यासाठी एका दिवसाच्या मजुरीपलीकडे काही लागत नाही.

सुरतेत हे पाहणं जास्तच गरजेचं, कारण हे शहर तापीच्या गाळावर वसलेलं आहे. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावलेली तापी बऱ्हाणपूर, भुसावळ करत खानदेश ओलांडते, उकाई धरणात थांबते आणि ७२४ किलोमीटरांची वाट संपवून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. वाटेतल्या काळ्या रानांची माती तिने युगानुयुगं इथे आणून टाकली. उधना, लिंबायत, दिंडोली भागांत स्थायिक झालेल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या माणसांना ही माती परकी नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि एकदा भिजली की पाणी सोडत नाही. उंधियूतल्या कतारगामी पापडीचं नाव झालं ते याच सुपीक पट्ट्यात. मात्र इमारत उभी राहिल्यावर बागेसाठी जी माती उरते ती शेतातली राहिलेली नसते. तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, फरशांचे कपचे असतात आणि वरून ट्रक-जेसीबीच्या चाकांनी ती दडपून घट्ट झालेली असते.

सुरतेत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बाग आखणाऱ्याचा पेच इथेच सुरू होतो. चार महिने पाणी कुठे घालवायचं हा प्रश्न, उरलेले आठ महिने ते कुठून आणायचं हा. त्यात समुद्र जवळ. भरतीचं खारं पाणी नदीत आत चढतं. सिंगणपोरच्या कॉजवेमुळे वरच्या अंगाचं पाणी गोडं राहतं, पण डुमस-हजिऱ्याकडच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं लागण्याचा धोका असतो. अशा पाण्यावर बाग जोपासली की मातीच्या वरच्या थरावर पांढुरकी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपू लागतात. म्हणून पहारीबरोबर पाण्याचा नमुना तपासणंही आलं.

उताराचं गणित

मातीचा अंदाज आला की लेव्हल काढायची. मोठ्या साइटवर त्यासाठी यंत्रं असतात. छोट्या अंगणात मात्र अजूनही पाणी भरलेली पारदर्शक नळी चालते. एक जण नळीचं एक टोक फाटकापाशी धरतो, दुसरा दुसरं टोक भिंतीपाशी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आलं की भिंतीवर खूण करायची आणि जमीन कुठे किती खाली आहे ते पट्टीने मोजायचं. चुन्याच्या फक्कीने रेघा ओढायच्या त्या यानंतर. पायवाटेला शंभर फुटांत फूटभर उतार दिला तर चालताना जाणवत नाही, पण पाणी वाहून जातं. हे पाणी थेट गटारात सोडण्याऐवजी बागेतच एका खोलगट वाफ्यात आणायचं, म्हणजे थोडं मुरतं, थोडं साठतं आणि रस्त्यावर कमी येतं.

त्या खोलगट जागेत काय लावायचं याचं उत्तर आपल्या नदीकाठांनी कधीच देऊन ठेवलं आहे. अर्जुन, जांभूळ, करंज, तामण ही झाडं पाय ओले असले तरी तग धरतात. तामण तर महाराष्ट्राचं राज्यफूल. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचे जांभळे घोस पाहिले की शोभेसाठी परदेशी झाड कशाला, असा प्रश्न पडतो. काठाला वाळा लावला तर त्याची खोल मुळं माती धरून ठेवतात. कर्दळीला पाणथळ जागाच मानवते. चाफा, लिंबू यांना मात्र उभं पाणी अजिबात खपत नाही. त्यांना उंचवट्यावर जागा द्यायची. झाडांची यादी आधी आणि जमीन मागून, असं काम केलं की चाफा खड्ड्यात जातो आणि तामण गच्चीखालच्या कोरड्या कोपऱ्यात.

हिरवळीचं गणितही मालकासमोर मांडायला हवं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या लॉनला रोज ५०० लिटर. दुसरीकडे शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात १,२०,००० लिटर पाऊस पडतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लॉन निम्मं करून टाकी मोठी करायला बरेचजण आपणहून तयार होतात.

गच्चीवरच्या बागेत वजनाचा हिशेब चुकला तर जिवाशी गाठ. भिजलेल्या मातीचा फूटभर जाडीचा थर एका चौरस मीटरवर जवळपास ५०० किलो भार टाकतो. घरातल्या खोल्यांच्या स्लॅबसाठी वापराचा भार साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरलेला असतो आणि गच्चीचा त्याहून कमी. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर मातीचं पोतंसुद्धा चढवू नये. कोकोपीटसारखं हलकं मिश्रण वापरायचं, मोठ्या कुंड्या तुळया आणि खांबांच्या वर ठेवायच्या. आखणाऱ्याने हे सांगितलं नाही, तर त्याने बाग केली नाही, धोका उभा केला.

शोभेची किंमत

झटपट हिरवळीची ओढ कुठे नेते याचं ताजं उदाहरण गुजरातनेच पाहिलं. कोनोकार्पस हे भराभर वाढणारं, बारमाही हिरवं, ढोरं ज्याला तोंड लावत नाहीत असं झाड. दुभाजकांवर, कारखान्यांच्या कुंपणांना, सोसायट्यांच्या भिंतींना त्याच्या रांगा लागल्या. हिवाळ्यात त्याला मोहर फुटला की परागांमुळे सर्दी, खोकला, दमा, अॅलर्जीचा त्रास होतो आणि त्याची मुळं केबल व सांडपाण्याच्या नळांत शिरतात, अशी कारणं देत राज्याच्या वनविभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. एका झाडाला दोष देऊन हा विषय संपत नाही. हजारो जागांवर एकच झाड लावण्याचा निर्णय माणसांनीच घेतला होता आणि तो घेताना विचारायचे प्रश्न विचारले नव्हते.

ते प्रश्न विचारायला शिकवणारं शिक्षण आज उपलब्ध आहे. गुजरातेत त्याचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे, प्रभाकर भागवत. अहमदाबादच्या सेप्ट या शिक्षणसंस्थेत त्यांनी लँडस्केप आर्किटेक्चर शिकवलं, व्यवसायही उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अनिकेत भागवत यांनी तो पुढे नेला. पुण्यात अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया एम्प्रेस गार्डन सांभाळते आणि तिथलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहायला कुटुंबंच्या कुटुंबं लोटतात. मात्र पदवी घेतलेला आणि माळीकामातून वर आलेला, दोघांनाही खरी परीक्षा द्यावी लागते ती पहिल्या मोठ्या पावसात. चांगला आखणारा त्या दिवशी रेनकोट चढवून जुन्या-नव्या साइटवर जातो. पाणी ठरवल्याप्रमाणे वळतं का, कुठे तुंबतं, कुठली माती वाहून गेली, हे तेव्हाच दिसतं. कागदावरचा नकाशा दुरुस्त होतो तो त्या फेरीत.

माणसांशी बोलणं

या कामाचा एक भाग नकाशात दिसत नाही, तो म्हणजे लोकांपुढे बोलणं. सोसायटीची सभा, शाळेचा वर्ग, मंडळाचा कार्यक्रम, पुष्पप्रदर्शनातला मांडव, जिथे बोलावतील तिथे बाग आखणाऱ्याने जावं असं मला मनापासून वाटतं. सुरतेत महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठीसह आणखीही भाषांत चालतात. तिथल्या मुलांना सुंदर बागांच्या स्लाइड दाखवण्यापेक्षा एक काचेची बाटली द्यावी. अंगणातली माती अर्ध्यापर्यंत भरायची, वर पाणी ओतायचं, खळाखळा हलवायची आणि ठेवून द्यायची. आधी वाळू तळाशी बसते, मग गाळ आणि सगळ्यात शेवटी चिकणमाती, तीही दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवून. आपल्या पायाखाली काय आहे ते पोराला एका बाटलीत कळतं आणि ते घरी जाऊन आईबापांना सांगतं.

चीनचे लँडस्केप आर्किटेक्ट यू कोंगजियान यांनी हे बोलणं किती दूर नेता येतं ते दाखवलं. शहराने पाणी नळांत कोंबून बाहेर फेकू नये, ते तळी, पाणथळी आणि उद्यानांत मुरवावं, हे ते वर्षानुवर्षं महापौरांना आणि अधिकाऱ्यांना सांगत राहिले, त्यांच्यापुढे व्याख्यानं देत राहिले. ‘स्पंज सिटी’ या नावाने तो विचार चीनच्या सरकारी धोरणात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या पंतनाल या पाणथळ प्रदेशात विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

सुरतेला हा विचार परवडणारा आहे की नाही असं कुणी विचारलं, तर ऑगस्ट २००६ आठवावा. उकाईतून सोडलेल्या पाण्याने तेव्हा शहराचा मोठा भाग बुडवला होता. एवढा महापूर बागांनी थोपवला असता असं कोणी म्हणू नये, ते खरं नाही. पण धरणाशी संबंध नसलेला पूरही इथे येतो. सुरतेत खाडी म्हणतात ती शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना, आणि जोराच्या पावसात मिठी खाडी चढली की लिंबायतकडच्या वस्त्यांत पाणी शिरतं. या पाण्यावर मात्र प्रत्येक अंगण, प्रत्येक मैदान, प्रत्येक पार्किंग थोडं थोडं काम करू शकतं. काकरा खाडीच्या काठी महापालिकेने जैवविविधता उद्यान उभं केलं, मलिक गोपीने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेलं गोपी तळाव पुन्हा पाण्याने भरलं. दिशा बरोबर आहे. सोसायट्यांनी आपापल्या कुंपणाच्या आत तेच करायचं आहे.

बोलण्याबरोबर ऐकणंही आलं. कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत हेंड्रिक फान रीड या डच अधिकाऱ्याची भव्य कबर आहे. १६९१ मध्ये सुरतेला येताना तो समुद्रातच वारला. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत निघाला. त्यातलं ज्ञान इट्टी अच्युतन या वैद्याचं, तसंच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी पंडितांचं. त्या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव छापायचं, ही रीत आपल्या बागकामात अजून आलेली नाही. उद्घाटनाच्या पाटीवर पाहुणे असतात, आर्किटेक्ट असतो, माळी कुठेच नसतो. खरं तर कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि कुठलं रोप दोनदा मेलं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

बागेचा खर्च ठरवताना बहुतेक पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर जातो: फरशी, दिवे, कारंजं, मोठी आयती झाडं. माझं सांगणं एवढंच, की त्यातला एक वाटा माती, उतार आणि टाकीसाठी आधी बाजूला काढा. दुसरा वाटा किमान तीन वर्षांच्या देखभालीसाठी ठेवा, कारण झाड जमिनीत नीट रुजायला तेवढा वेळ लागतो. आणि त्या तीन वर्षांत माळ्याला चांगला पगार द्या, आखणी चालू असतानाच त्याला बैठकीला बोलावा, त्याचं म्हणणं नकाशावर लिहून घ्या. बाग आखणाऱ्याला काम देताना त्याच्या जुन्या कामांचे फोटो पाहाच, पण त्याची तीन वर्षं जुनी एक बाग ऑगस्टमध्ये आणि पुन्हा मेमध्ये जाऊन बघा. या दोन भेटींत तुम्हाला जे दिसेल, त्यावरच त्याला काम द्यायचं की नाही ते ठरवा.