उल्हास, बारवी व काळू नदीखोऱ्यांतील सायकल पर्यटनमार्ग : एक भौगोलिक परिचय

प्रास्ताविक

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे दाट लोकवस्ती, उपनगरी रेल्वे आणि वाहतूक कोंडी यांमुळे सर्वांना परिचित आहेत. मात्र कल्याण शहराची हद्द ओलांडून पूर्वेकडे दहा-पंधरा किलोमीटर गेल्यास भातखाचरे, सागाची राने, आदिवासी पाडे आणि सह्याद्रीची भिंत यांचा प्रदेश सुरू होतो, याची जाणीव त्या मानाने थोड्यांनाच असते. गेल्या काही वर्षांत या प्रदेशात सायकलवरून प्रवास करणाऱ्या शहरवासीयांची संख्या वाढली असून रविवारी पहाटे मुरबाड, बारवी व कर्जतच्या दिशेने जाणारे सायकलस्वार सर्रास दिसतात. प्रस्तुत लेखात या मार्गांची भौगोलिक घडण, त्यांवरील श्रमाचे गणित आणि तेथील लोकजीवनाशी त्यांचा असलेला संबंध यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील कल्याण, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर हे तालुके आणि त्यांना लागून असलेला रायगड जिल्ह्यातील कर्जतचा भाग एवढीच येथे विवेचनाची मर्यादा आहे.

नदी आणि वाट

पाणी नेहमी कमीत कमी अडथळ्याचा उतार शोधते. म्हणूनच नदीकाठची वाट चालणाऱ्याला, बैलगाडीला, रेल्वेला आणि सायकललाही सोयीची ठरते. युरोपात अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा दीर्घ सायकलमार्ग लुआर व डॅन्यूब या नद्यांच्या सोबतीने आखला गेला, त्यामागेही हेच कारण आहे. कल्याणच्या परिसरात हा नियम फार जुन्या काळापासून पाळला गेलेला दिसतो. कल्याण बंदराचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात येतो. या बंदरात उतरलेला माल काळू नदीच्या खोऱ्यातून वैशाखरेपर्यंत व तेथून नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि तेथील दगडी रांजण हे त्या व्यापारी वाटेचे साक्षीदार होत.

रेल्वेनेही याच खोऱ्यांचा आधार घेतला. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली. तेथून एक फाटा उल्हास नदीच्या खोऱ्यातून बोरघाटाकडे गेला, तर दुसरा काळू व भातसा यांच्या प्रदेशातून थळघाटाकडे. कल्याण–कर्जत मार्गावर सायकल बिघडली तरी पुढचे स्थानक फार दूर नसते. मुरबाडकडे मात्र रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही. तेथे एस.टी. आणि जवळचे पंक्चरचे दुकान एवढाच आधार राहतो. मार्ग निवडताना नवख्याने हा भेद ध्यानात घेणे इष्ट होय.

उल्हास खोरे

बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत हा या परिसरातील सर्वांत सौम्य मार्ग आहे. डाव्या हाताला दूरवर सह्याद्रीची रांग, उजव्या हाताला माथेरानचा डोंगर आणि मधल्या सपाटीत नदी, अशी त्याची रचना आहे. अंबरनाथ येथे वाट किंचित वाकडी करून वालधुनी नदीकाठचे शिलाहारकालीन शिवमंदिर पाहता येते. त्यावरील लेख शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा आहे.

उल्हास नदीविषयी एक बाब विशेष नमूद करण्यासारखी आहे. कोकणातील बहुतेक नद्या मार्चनंतर डबक्यांपुरत्या उरतात. उल्हास मात्र भर उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यातील बरेचसे पाणी मुळात तिचे नाहीच. घाटमाथ्यावर भीमेच्या खोऱ्यातील आंद्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून ते पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात सोडले जाते. वीज निर्माण झाल्यावर ते पेज नदीतून उल्हासला मिळते. जे पाणी एरवी बंगालच्या उपसागराला गेले असते, ते अशा रीतीने अरबी समुद्राकडे वळते आणि वाटेत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवलीच्या नळांतून येते. मे महिन्यात या नदीच्या पुलावर थांबून पाणी पाहणाऱ्या सायकलस्वाराला त्या पाण्याचा प्रवास आपल्या प्रवासापेक्षा मोठा आहे, हे सहसा ठाऊक नसते.

पावसाळ्यात मात्र हेच खोरे रौद्र रूप धारण करते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर–वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावे लागले. कल्याण–मुरबाड रस्त्यावरील रायते येथील पूलही अतिवृष्टीत पाण्याखाली जातो. पूल बुडाल्यास मुरबाडकडून परतणाऱ्याची कल्याणची सरळ वाट बंद होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस सपाटीवर काही तासांनी पोहोचतो. त्यामुळे सकाळी कोरड्या असलेल्या फरशी पुलावरून दुपारी पाणी वाहू लागते. कल्याणात ऊन आहे म्हणून टोकावड्याची वाट मोकळी असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

बारवी आणि काळू

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता थोड्याच अंतरात शहरातून वनात नेतो. साग, ऐन, पळस, मोह यांचे पानझडी रान येथे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असतो आणि त्याच सुमारास भातखाचरांत राब भाजण्याचा धूर दिसू लागतो. १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या या धरणाची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि काठच्या पाड्यांतील कुटुंबांना विस्थापित व्हावे लागले. म्हणून जलाशयाच्या काठची एखादी वाट जुन्या नकाशावर दिसत असली, तरी स्थानिकांना विचारल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये. बारवीहून मुरबाड व तेथून रायतेमार्गे कल्याण असा फेरा एका दिवसात पूर्ण होतो. चढउतार छोटे पण वारंवार येत असल्याने गिअर नसलेल्या सायकलवर तो कष्टाचा वाटतो.

काळू खोऱ्याचा मार्ग कल्याण, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे असा आहे. माळशेज घाटातून अहिल्यानगरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. महामार्ग सोडून सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरकडे, अथवा मुरबाडहून म्हसामार्गे कर्जतकडे वळणे अधिक सुखाचे ठरते. म्हसे येथे पौष पौर्णिमेपासून भरणारी यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत या रस्त्यावर सायकलस्वाराने बैलांना वाट द्यावी, हे सांगायला नकोच.

याच खोऱ्यात प्रस्तावित असलेल्या काळू धरणाला येथील आदिवासी व शेतकरी अनेक वर्षे विरोध करीत आले आहेत. वनपरवानगीशिवाय सुरू झालेल्या कामाला २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तथापि शहरांची पाण्याची मागणी वाढत असल्याने हा प्रकल्प चर्चेतून नाहीसा झालेला नाही. धरण झाल्यास या मार्गालगतची काही गावे व शेते बुडतील. ज्या शहरांसाठी ती बुडणार, त्याच शहरांतून रविवारचे सायकलस्वार येथे येतात.

श्रमाचे गणित

सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक हवा असते, तर चढावर वजन. स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलोग्रॅम वजन ६०० मीटर उंच नेण्यास सुमारे ५.३ लाख जूल ऊर्जा लागते. सामान्य सराव असलेली व्यक्ती सातत्याने १०० वॅट शक्ती देऊ शकते, असे मानल्यास केवळ या उंचीसाठी सुमारे दीड तास खर्ची पडतो. तेवढ्याच श्रमात सपाटीवर तीसेक किलोमीटर, म्हणजे साधारणपणे कल्याण ते मुरबाड एवढे अंतर कापता येते. माळशेजचा माथा सुमारे ७०० मीटर उंचीवर असून ही उंची अखेरच्या टप्प्यात एकवटलेली आहे. नकाशावरील अंतर पाहून आखलेला बेत घाटाच्या पायथ्याशी का कोलमडतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

परतीचा उतार सोपा असेल ही अपेक्षाही बहुधा फसते. कोकणात दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा वाहू लागतो. मुरबाडहून पश्चिमेकडे परतणाऱ्याला तो समोरून लागतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा मिळाल्यास हवेचा रोध सव्वादोन पट होतो. शिवाय सकाळी पूर्वेकडे जाताना आणि सायंकाळी पश्चिमेकडे येताना, दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांसमोर राहतो. मागून येणाऱ्या वाहनचालकाचेही डोळे त्याच उन्हाने दिपलेले असतात, ही त्यातील अधिक गंभीर बाब होय. उजाडण्यापूर्वी निघून दुपारी बाराच्या आत परतीचा मोठा टप्पा संपवणे, हा जाणकारांचा प्रघात यावरूनच पडलेला आहे.

वन, पाडा आणि पाहुणा

ठाणे शहराला लागून असलेले येऊर हे चढाच्या सरावाचे आवडते ठिकाण आहे. परंतु ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून बिबट्याचा अधिवास आहे. प्रवेशाच्या वेळा व निर्बंध तेथे पाळावेच लागतात. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्य आणि मुरबाडच्या पूर्वेकडील भीमाशंकर अभयारण्याचा भाग यांनाही हेच लागू आहे. पावसाळ्यात धबधबे व धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन मनाईआदेश काढते. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी घडलेल्या बुडण्याच्या दुर्घटना पाहता त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही.

ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांतून हे रस्ते जातात. तेथे सायकल ही हौसेची वस्तू नव्हे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या, त्या प्रवासाच्या गरजेपोटीच. रस्त्याला पुरेशी साइडपट्टी असावी, खड्डे बुजावेत, पुलाला कठडा असावा, या मागण्या पर्यटकाच्या म्हणून मांडल्या जातात. त्यांची खरी निकड मात्र दप्तर पाठीला लावून दररोज त्याच रस्त्याने शाळा गाठणाऱ्या मुलीला आहे. पर्यटक आठवड्यातून एकदा येतो आणि पाऊस असेल तर येत नाही.