मुंबईसमोर सुरुंग पेरून गेलेलं जहाज

ऐकता ऐकता फोनवर जगाचा नकाशा उघडून ठेवा. आजचं जहाज जर्मनीतल्या कील बंदरातून निघून पार न्यूझीलंडपर्यंत जाणार आहे आणि वाटेत मुंबईलाही येणार आहे. म्हणजे बंदरात नाही हं. बंदराबाहेर, कुणाला पत्ता लागू न देता.

जहाजाचं मूळ नाव 'वाख्टफेल्स'. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचं साधं मालवाहू जहाज, १९१३ सालचं. पहिल्या महायुद्धात ते जर्मन नौदलानं घेतलं, बाजूंच्या फळ्यांमागे तोफा लपवल्या आणि पोटात साडेचारशेहून जास्त पाणसुरुंग भरले. एक छोटं सागरी विमानही ठेवलं. नवं नाव 'वोल्फ', म्हणजे लांडगा. विमानाचं लाडाचं नाव 'वोल्फशेन', लांडग्याचं पिल्लू! वेग मात्र ताशी जेमतेम वीस किलोमीटर. सायकलवाला मागे टाकेल. पण त्याची खरी ताकद साधेपणात होती, कारण दुरून बघणाऱ्याला ते मालाचंच जहाज वाटायचं.

३० नोव्हेंबर १९१६ला कॅप्टन कार्ल नेर्गर निघाला. आधी दक्षिण आफ्रिकेचं टोक, मग कोलंबो, आणि फेब्रुवारी १९१७मध्ये मुंबई. प्रत्येक ठिकाणी सुरुंग टाकायचे आणि निघून जायचं.

हे सुरुंग काम कसे करतात? सुरुंग म्हणजे स्फोटकं भरलेला लोखंडी गोळा. खाली जड नांगर तळाशी बसतो आणि त्याला तारेनं बांधलेला गोळा पाण्याखाली तरंगत राहतो, वरून न दिसणारा. गोळ्यावर शिशाची मऊ शिंगं असतात. जहाज घासलं की शिंग वाकतं, आतली काचेची नळी फुटते, तिच्यातलं आम्ल खाली उतरून बॅटरी चालू होते आणि स्फोट. जहाज कुणाचं, युद्ध चालू आहे की संपलं, हे त्या गोळ्याला कळत नाही.

मुंबईजवळ ते चार महिने वाट बघत बसले. २३ जून १९१७, ऐन पावसाळा. पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज सुरुंगावर आदळून बुडालं आणि वीसहून अधिक माणसं गेली. पी अँड ओच्या जहाजांवर खलाशी आणि खानसामे म्हणून आपल्याकडचे, विशेषतः कोकण-गोव्याकडचे लोक मोठ्या संख्येनं असायचे, हेही लक्षात असू द्या. त्याच पावसाळ्यात मुंबईच्या आसपास आणखीही जहाजं बुडाली.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. जर्मन जहाज हिंदी महासागरात मोकाट फिरतंय, ही बातमी इंग्रजांनी दाबून ठेवली. त्यामुळे ऑस्ट्रेलियाजवळ 'कंबरलँड' आणि न्यूझीलंडजवळ 'पोर्ट केंब्ला' ही जहाजं फुटली, तेव्हा आधी संशय आला तो घातपाताचा. कुणीतरी मालात बॉम्ब ठेवला असणार! म्हणजे सुरुंग समुद्रात आणि लोक शोधतायत गद्दार. युद्धात गुप्तता लागते, कबूल. पण ज्यांनी त्या पाण्यातून जायचं, त्यांना सांगायला नको?

स्वतः वोल्फ रेडिओवर गप्प असायचं, पण दुसऱ्यांचं सगळं ऐकायचं. एका जहाजानं आपल्या प्रवासाची माहिती रेडिओवरून पाठवली आणि ते आयतंच हाती लागलं. त्याचं नाव 'माटुंगा'! हसू नका, ते ऑस्ट्रेलियन जहाज होतं. पकडलेल्या जहाजांचा कोळसा आणि धान्य काढून घ्यायचं, माणसं कैदेत ठेवायची, यावरच हा प्रवास चालला. कैदी वाढत वाढत चारशेच्या वर गेले. त्यात एका अमेरिकी कप्तानाची सहा वर्षांची मुलगीही होती. ताज्या अन्नाअभावी शेवटी स्कर्व्ही पसरला.

४५१ दिवसांनी, २४ फेब्रुवारी १९१८ला, वोल्फ एकाही बंदरात न थांबता कीलला परतलं. नेर्गरला मोठं पदक मिळालं. युद्धानंतर जहाज फ्रान्सकडे गेलं, पुन्हा माल वाहू लागलं आणि १९३१मध्ये भंगारात निघालं.

सुरुंग मात्र पाण्यातच होते. वोल्फ घरी पोचून चार महिने झाले होते, तेव्हा जून १९१८मध्ये 'विमेरा' हे प्रवासी जहाज ऑकलंडहून सिडनीला निघालं. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाजवळ पहाटे त्यातल्या एका सुरुंगावर ते आदळलं. २६ माणसं बुडाली, कप्तानासकट.