‘इन्फेक्शन’ व ‘कन्टेजन’ : शब्दभेद

इंग्रजीत ‘इन्फेक्शन’ व ‘कन्टेजन’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थी योजिले जातात. वस्तुतः दोहोंचे लॅटिन मूळ भिन्न आहे. पहिल्याचा मूलार्थ बुडवून रंगविणे किंवा डागाळणे, दुसऱ्याचा परस्परस्पर्श. रोगजंतूंचा शरीरात शिरकाव होणे हे ‘इन्फेक्शन’. रोग्याच्या संपर्काने रोग दुसऱ्यास जडणे हे ‘कन्टेजन’.

खरूज स्पर्शाने पसरते. हिवताप मात्र ॲनॉफिलिस जातीच्या डासाच्या मादीमार्फत पसरतो. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना अशा डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. तेव्हा हिवतापाने आजारी मुलाशेजारी बसल्याने तो रोग जडत नाही.

हा भेद शिक्षकांनी मुलांस समजावून द्यावा. म्हणजे बरा होऊन परतलेला सोबती अकारण दूर लोटला जाणार नाही, आणि शाळेभोवती साचलेल्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष वळेल.