नोस्ताल्हिया (अल्बम)

'नोस्ताल्हिया' हा एस्लाबोन आर्मादो या मेक्सिकन-अमेरिकन गटाचा पाचवा स्टुडिओ अल्बम आहे. लॉस एंजेलिस परिसरातील डेल रेकॉर्ड्स या कंपनीने तो मे २०२२ मध्ये प्रकाशित केला. अमेरिकेतील सर्व प्रकारच्या अल्बमांची साप्ताहिक क्रमवारी देणाऱ्या 'बिलबोर्ड २००' या यादीत तो नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. 'रिजनल मेक्सिकन' या वर्गातील एखाद्या अल्बमने या यादीतील पहिल्या दहांत स्थान मिळवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. शीर्षकाचा अर्थ 'गतकाळाविषयीची हुरहूर' असा आहे. इंग्रजीतील 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द याच कुळातला. स्पॅनिशमध्ये मात्र त्यातील 'ज'च्या जागी 'ह'सारखा घशातला उच्चार होतो.

'रिजनल मेक्सिकन' म्हणजे काय

हे कोणत्याही एका संगीतशैलीचे नाव नाही. अमेरिकेतील रेडिओ केंद्रे आणि ध्वनिमुद्रण व्यवसाय यांनी सोयीसाठी पाडलेला तो एक कप्पा आहे. तुतारीवर्गीय वाद्यांचा मोठा ताफा असलेला सिनालोआ राज्यातील बांदा, अकॉर्डियनवर चालणारा उत्तरेचा नोर्तेन्यो, हालिस्को राज्याशी जोडलेला मारियाची, टेक्सासमधील तेहानो आणि केवळ तंतुवाद्यांवर उभा राहणारा सिएरेन्यो हे सर्व प्रकार त्यात एकत्र कोंबलेले आहेत. कोरिदो हे कथागीतही यातील अनेक शैलींतून गायले जाते. 'रिजनल' म्हणजे प्रादेशिक हे विशेषण तसे दिशाभूल करणारेच म्हणावे लागेल. हे संगीत मेक्सिकोच्या निरनिराळ्या प्रदेशांत जन्मले हे खरे, परंतु त्याचा श्रोतृवर्ग कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांत कित्येक दशके पसरलेला आहे. बिलबोर्डने १९८५ पासून या वर्गासाठी स्वतंत्र अल्बम-यादी चालवली. त्यामुळे या कलाकारांचे यश नोंदले जाई, पण वेगळ्या वहीत.

गट आणि त्याची शैली

एस्लाबोन आर्मादोची स्थापना २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅटरसन या गावी झाली. सॅन होआकिन खोऱ्यातील हे छोटे शेतीप्रधान गाव जर्दाळूच्या पिकासाठी ओळखले जाते, आणि या खोऱ्यातील शेतमजुरीचा मोठा भार मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांनी उचललेला आहे. पेद्रो तोवार व ब्रायन तोवार हे भाऊ आणि गाब्रिएल इदाल्गो अशी गटाची सुरुवातीची त्रयी होती. पेद्रो हा मुख्य गायक, बारा तारांच्या गिटारचा वादक आणि बहुतेक गीतांचा कर्ता. गटाची पहिली नोंदली गेलेली गाणी आली तेव्हा तो विशीतही पोहोचला नव्हता. 'एस्लाबोन' म्हणजे साखळीची कडी.

सिएरेन्यो या शैलीचे नाव 'सिएरा' म्हणजे डोंगररांग या शब्दावरून आले आहे. तिची मांडणी अगदी थोडक्या वाद्यांची असते. एक गिटार सुरावट विणते, दुसरी ताल धरते आणि खर्ज सांभाळण्यासाठी बास किंवा टुबा असतो. ढोल नाही, अकॉर्डियन नाही. सिनालोआचा गायक आरिएल कामाचो याने या शैलीत टुबाचा वापर रुजवून तिला तरुणांमध्ये नवी लोकप्रियता मिळवून दिली. २०१५ मध्ये वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्याचा मोटार अपघातात मृत्यू झाला. त्याच्यानंतरच्या पिढीतील अनेक मुलांनी त्याचे ऐकूनच गिटार हाती घेतली.

एस्लाबोन आर्मादोने या चौकटीत विषय बदलला. डोंगराळ भागातील पराक्रम, सूड, तस्करी यांची कथने मागे पडली आणि शाळकरी वयातील प्रेमभंग, न पाठवलेले निरोप, रात्रीची जागरणे पुढे आली. गाण्यांची गती मंदावली, स्वर जवळजवळ पुटपुटल्यासारखा झाला. या उपप्रकाराला 'सॅड सिएरेन्यो', म्हणजे उदास सिएरेन्यो, असे इंग्रजी-स्पॅनिश मिश्र नाव मिळाले. ते त्याच्या श्रोत्यांना शोभतेही, कारण ही मुले घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी बोलणारी. 'नोस्ताल्हिया'मध्ये फुएर्सा रेहिदा या गटासोबत गायलेले 'ला त्रोकिता' हे गीत आहे. त्याच्या शीर्षकातच इंग्रजी 'ट्रक'वरून घडलेला सीमेवरचा 'त्रोका' हा शब्द स्पॅनिश लघुत्वदर्शक प्रत्यय लावून आला आहे. शुद्ध स्पॅनिशचा आग्रह धरणाऱ्यांना तो रुचणार नाही, पण जिवंत भाषेची चाल अशीच असते.

गटाचा उदय २०२० मध्ये, साथीच्या काळात झाला. कार्यक्रम बंद असताना त्यांची गाणी टिकटॉक व स्ट्रीमिंग सेवांमधून पसरली. डॅनीलक्स या तरुण गायकासोबतचे 'हुगास्ते इ सुफ्री' हे गीत अमेरिकेतील सर्व प्रकारच्या गाण्यांच्या 'हॉट १००' या यादीत दाखल झाले. 'नोस्ताल्हिया'पूर्वी दोन वर्षांच्या आत गटाचे चार अल्बम निघालेले होते.

नववा क्रमांक कसा मिळाला

या यशाचे महत्त्व नीट कळण्यासाठी यादीची मोजणी समजून घ्यावी लागते. १९९१ पूर्वी बिलबोर्डची क्रमवारी निवडक दुकानांनी कळवलेल्या अंदाजांवर ठरत असे. त्या वर्षी प्रत्यक्ष गल्ल्यावर नोंदलेल्या विक्रीचे आकडे वापरण्यास प्रारंभ झाला. मात्र गल्ल्याची नोंद जेथे होते तेथीलच विक्री या मोजणीत येते. मेक्सिकन स्थलांतरितांचे संगीत मोठ्या प्रमाणात आठवडी बाजारांत, किराणा दुकानांत, बेकऱ्यांत विकले जाई. लॉस एंजेलिसमध्ये चालिनो सांचेस या कोरिदो-गायकाच्या कॅसेटी अशाच मार्गाने हातोहात खपल्या. १९९२ मध्ये कुलियाकान येथे त्याची हत्या झाली, तोपर्यंत तो आपल्या समाजात घरोघरी माहीत झाला होता. राष्ट्रीय यादीला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

दुसरा अडसर यादीच्या साप्ताहिक स्वरूपाचा. लिंडा रॉनस्टॅट या प्रसिद्ध अमेरिकी गायिकेने १९८७ मध्ये 'कान्सिओनेस दे मि पाद्रे' हा पारंपरिक मारियाची गीतांचा अल्बम काढला. अमेरिकेत त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या, तरीही 'बिलबोर्ड २००'मध्ये तो बेचाळिसाव्या क्रमांकापुढे सरकला नाही, कारण तो वर्षानुवर्षे सावकाश विकला गेला. यादीत वरचे स्थान मिळते ते एकाच आठवड्यात गर्दी करणाऱ्यांना.

डिसेंबर २०१४ पासून या यादीत स्ट्रीमिंगचाही समावेश झाला. 'नोस्ताल्हिया'च्या काळातील नियमानुसार वर्गणीदारांनी अल्बममधील गाणी १,२५० वेळा ऐकली, किंवा जाहिरातींसह विनामूल्य ऐकणाऱ्यांनी ३,७५० वेळा ऐकली, म्हणजे एका अल्बमची विक्री धरली जाई. त्यामुळे श्रोता कोणत्या दुकानात जातो, हा प्रश्नच उरला नाही. शेतात, गोदामात किंवा शाळेच्या बसमध्ये मोबाईलवर वाजलेले प्रत्येक गाणे मोजले जाऊ लागले. एस्लाबोन आर्मादोचे श्रोते तरुण होते आणि नवा अल्बम आला की त्याच आठवड्यात तो पुनःपुन्हा ऐकणारे होते. मोजणीची ही पद्धत त्यांच्या सवयींना नेमकी अनुकूल ठरली. म्हणून २०२२ मध्ये हे संगीत अमेरिकेत एकाएकी लोकप्रिय झाले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. श्रोते होतेच, त्यांच्या गणनेचे साधन नंतर आले. अर्थात गटाच्या गाण्यांनी नवा, अधिक तरुण श्रोता मिळवला हेही नाकारता येत नाही.

त्याच आठवड्यात बॅड बनी या पोर्तोरिकन गायकाचा 'उन वेरानो सिन ती' हा संपूर्ण स्पॅनिश अल्बम यादीत पहिल्या स्थानी आला होता. त्याच्या आणि नवव्या क्रमांकाच्या आकड्यांत मोठी तफावत होती. तरी एकाच वेळी पहिल्या दहांत दोन स्पॅनिश अल्बम असणे ही असाधारण गोष्ट होती. सेलेना या तेहानो गायिकेचा 'ड्रीमिंग ऑफ यू' १९९५ मध्ये तिच्या मृत्यूनंतर थेट प्रथम क्रमांकावर आला होता, हे येथे आठवणे साहजिक आहे. परंतु त्यात इंग्रजी पॉप गीतांचा मोठा भाग असल्यामुळे तो या वर्गात गणला जात नाही.

नंतरचा काळ

पुढील वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, गटाचा 'देस्वेलादो' हा सहावा स्टुडिओ अल्बम आला व 'बिलबोर्ड २००'मध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातील पेसो प्लुमा या गायकासोबतचे, पेद्रो तोवारने लिहिलेले 'एया बाइला सोला' हे गीत 'हॉट १००'च्या पहिल्या दहांत पोहोचलेले पहिले रिजनल मेक्सिकन गीत ठरले. ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. काही आठवड्यांतच पेसो प्लुमाच्या 'हेनेसिस' या अल्बमने तिसरे स्थान घेऊन 'देस्वेलादो'ला मागे टाकले. २०२५ मध्ये 'ला त्रोकिता'मधील सहगायक गट फुएर्सा रेहिदा आपल्या अल्बमसह त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला.