होडीलाही श्वास घेऊ द्या!

कार घेतली की आपण लगेच कव्हर घेतो. मोबाइल घेतला की स्क्रीनगार्ड. मग चौघांनी मिळून होडी घेतल्यावर आम्ही तिला उघडं ठेवणार होतो थोडेच? आम्ही तिला झाकलं. इतकं मस्त झाकलं, की ती आतल्या आत कुजली!

पहिल्यापासून सांगते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही चार मित्र-मैत्रिणींनी एक सेकंडहॅण्ड शिडाची होडी घेतली. १४ फुटी, फायबरची. एकाने वर्षाचा बोनस टाकला, एकीने गोव्याची ट्रिप कॅन्सल केली, मी तीन महिन्यांचं मानधन घातलं. मांडव्याजवळच्या एका कोळीवाड्यात जागा मिळाली आणि आमचे वीकएण्ड एकदम बदलून गेले. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. फक्त वारा, शीड आणि नंतर सुरमईची थाळी.

मे महिना संपत आला आणि प्रश्न पडला, पावसाळ्यात हिचं काय? शेड नव्हती, उघड्यावरच ठेवायची होती. 'मी बघते,' असं मी जोरात सांगितलं. नेटवर परदेशातले व्हिडीओ पाहिले. तिकडे बर्फापासून वाचवायला होड्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. मीही निळी ताडपत्री आणली आणि होडीची गच्च पुरचुंडी केली. त्या प्लॅस्टिकलाही हवेसाठी झरोके ठेवतात, ही गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली.

शेजारच्या अंगणात एक वयस्कर नाखवा जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय गो पोरी, होरी शाकारलीस का तिचा लोनचा घातलास?"

मी हसून सोडून दिलं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो चालू होती, पण त्या चार महिन्यांत आम्ही एकदाही फिरकलो नाही. सप्टेंबरअखेर ताडपत्री सोडली आणि भपकन वास आला. आत घोटाभर काळं पाणी, त्यात डासांच्या अळ्या, शिडावर बुरशीचे ठिपके. आणि ज्या मागच्या फळीवर सुकाणू बसतं, तिच्यातलं प्लायवूड बोटाने दाबलं तर स्पंजासारखं दबत होतं. दुरुस्तीचा आकडा होडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा! त्या रात्री आमच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं, ते इथे छापता येणार नाही. बोनसवाल्या मित्राने आपला हिस्सा काढून घेतला. अजूनही तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

चूक कुठे झाली, हे विचारायला मी खाली मान घालून नाखवांकडे गेले. त्यांनी आधी चहा पाजला, मग शाळा घेतली.

पहिला धडा पाण्याचा. आमच्या होडीवरची ताडपत्री साधारण ६ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यावर ६०० लिटर पाणी पडतं. ताडपत्री मध्ये खोलगट असेल आणि त्यातलं निम्मं जरी साठलं, तरी ३०० किलो. म्हणजे आम्हा चौघांच्या वजनापेक्षा जास्त! ताडपत्री फाटली यात नवल ते काय? आणि तळाचं बूच मी घट्ट लावून ठेवलं होतं. आत आलेलं पाणी जाणार कुठून?

दुसरा धडा हवेचा. मी होडी गोड्या पाण्याने न धुताच झाकली होती. मीठ हवेतला ओलावा ओढतं, घट्ट प्लॅस्टिक तो बाहेर जाऊ देत नाही. बुरशीला आणखी काय हवं?

कोळीवाड्यात पूर्वी नारळाच्या झावळ्या विणून झाप करायचे आणि त्यांनी होड्या शाकारायचे. झापावरून पाणी ओघळतं, पण फटींतून हवा खेळते. लाकडी होडीला तर कडक उन्हापासूनही सावली लागते, नाहीतर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. आता सगळीकडे ताडपत्री आली, पण बांधायची पद्धत तीच. घरासारखं आढं, दोन्हीकडे उतार.

२०२५ च्या मे अखेरीस आम्ही तिघं परत गेलो. १ जूनपासून ६१ दिवसांची मासेमारी बंदी सुरू होणार होती, त्यामुळे सगळा किनाराच शाकारण्यात गुंतलेला. नाखवांनी बांबूची कैची लावली, आम्ही दोऱ्या ओढल्या. या वेळी दर पंधरा दिवसांनी कुणीतरी रो-रोने जाऊन बघून यायचं, असा टाइमटेबलच केला. नारळी पौर्णिमेनंतर ताडपत्री उचलली, तर आत चक्क कोरडं होतं. मी होडीचा फोटो बोनसवाल्या मित्राला पाठवला. त्याचा एकच शब्द आला, 'कधी?'

पुढच्या रविवारी, मी लिहिलं.

शाकारताना एवढं कराच

- होडी गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात सुकवा. शीड, दोर, लाइफ जॅकेट घरी न्या.
- नाळ थोडी उंच ठेवा, मागचं बूच काढून ठेवा.
- मधोमध आडवा बांबू बांधून ताडपत्रीला दोन्हीकडे चांगला उतार द्या.
- पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. ती बाजू खालपर्यंत झाका, उलट बाजू हवेसाठी मोकळी ठेवा.
- दोऱ्या होडीच्या पोटाखालून घ्या. विटा टांगू नका, वाऱ्याने त्या होडीवरच आपटतात.
- जिथे ताडपत्री घासते, तिथे जुन्या गोणपाटाची घडी ठेवा.
- आणि नारळाच्या झाडाखाली होडी ठेवू नका. कारण सांगायला हवं का?