रक्ताचा डाग आणि रजेचा हक्क

दिवस गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कपड्यावर रक्ताचा डाग दिसला की आपल्या घरांतून पहिली चौकशी होते ती बाईची. जड उचललेस का? पपई खाल्लीस का? कुणाच्या घरी जेवलीस? दवाखाना नंतर, आरोपपत्र आधी! कोर्टात आरोपीला निदान बाजू मांडायला मिळते. इथे सासू, नणंद, शेजारीण सगळ्याच न्यायाधीश. आणि मग अंगात आले म्हणून अंगारा, नजर लागली म्हणून लिंबू.

वैद्यकशास्त्र काय म्हणते? पहिल्या बारा आठवड्यांत साधारण चारपैकी एका गर्भवतीला थोडाफार रक्तस्राव होतो. त्यातल्या अनेकींचे दिवस पुढे नीट भरतात. सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसले तर आशा आणखी वाढते. जे गर्भ एवढ्या लवकर पडतात, त्यांतील सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचाच बिघाड असतो. तो ना बाईने केलेला, ना कुणी थांबवू शकणारा. महिनाभर पलंगावर निजवून ठेवल्याने गर्भ टिकतो, हेही संशोधनात सिद्ध झालेले नाही. म्हणून तिने डोक्यावर ओझी वाहावीत असे नव्हे. पण 'उठलीस म्हणून गेले' हा ठपका खोटा आहे.

मात्र 'होते असे कधी कधी' म्हणून घरी बसणे जिवावर बेतू शकते. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला असेल तर बाहेर रक्त थोडेच दिसते आणि नळी फुटली तर पोटात रक्त साचत जाते. पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यातले काहीही असले तर सकाळची वाट पाहायची नाही. तासाला दोन पॅड भिजत आहेत आणि असे सलग दोन तास चालले आहे, किंवा ताप आणि दुर्गंधी आहे, तरी तेच. मेडिकलमधून गोळी आणून रक्त थांबवण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही वेळा अँटी-डीचे इंजेक्शन लागते.

गर्भलिंग निदानाच्या कायद्याकडे बोट दाखवून काही सेंटरवाले बाईला परत पाठवतात. १९९४चा तो कायदा लिंग सांगण्याला बंदी करतो. गर्भवतीचा रक्तस्राव हे सोनोग्राफीचे कायदेशीर कारण आहे आणि ते 'एफ' फॉर्ममध्ये छापलेलेच आहे. जीव धोक्यात असताना पैशांसाठी वा कागदांसाठी दारात ताटकळत ठेवणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९८९चा परमानंद कटारा निकाल वाचावा. तातडीचा उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी.

आता मुकादमाकडे वळू. पहाटे झाडू घेऊन हजेरी लावणारी कंत्राटी बाई रक्त जात असतानाही रस्ता झाडते, कारण खाडा झाला की रोज बुडतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी असते. या बाया बहुतांशी कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ला तो कायदा झाला. पुढे १९६१च्या कायद्याने गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. गर्भ टिकला, पण गरोदरपणामुळे आजारपण आले, तर दाखल्यावर जास्तीत जास्त एक महिना पगारी रजा वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातही ही तरतूद कायम आहे. ईएसआय कापले जात असेल तर पैसे तिथून मिळतात. 'रोजंदारीवाल्यांना नसते' हे उत्तर तर २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने खोडून काढले, दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील स्त्री कामगारांच्या खटल्यात.

हे हक्क कागदाअभावी बुडतात. दवाखान्याच्या कार्डावर 'अबॉर्शन' लिहिलेले पाहून घरचे हादरतात, मुकादम म्हणतो 'तू मुद्दाम पाडलेस'. डॉक्टरी भाषेत आपोआप पडलेल्या गर्भालाही तोच शब्द आहे. शिवाय कायदेशीर मार्गाने गर्भपात करून घेतला असला, तरी सहा आठवडे मिळतातच. म्हणून केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका. रजेचा अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मुकादम घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.